रिकामे आणि कोरे

'रिकामे' आणि 'कोरे' हे दोन शब्द आपण मराठी माणसे इतक्या सहजपणे वापरतो, की त्यांतला फरक सांगा असे कुणी म्हटले तर क्षणभर थबकावे लागते. घागर रिकामी असते, कागद कोरा असतो. बिऱ्हाड हलले की खोली रिकामी होते. ती कोरी झाली असे कुणी म्हणत नाही. ज्यात पूर्वी काही होते आणि आता नाही, ते रिकामे. ज्यात पूर्वीही काही नव्हते, किंवा पूर्वीचे सारे निपटून पुसले आहे, ते कोरे. लोणच्याची बरणी रिकामी झाली म्हणून तिच्यात लगोलग मुरांबा भरणारी गृहिणी मी अजून पाहिलेली नाही. आधी ती घासायची, उन्हात वाळवायची आणि मगच भरायची, ही आपल्या घरातली रीत.

हा फरक वर्गात अर्ध्या मिनिटात सांगून होतो. पण याच फरकापायी जगातल्या मोठमोठ्या संगणकतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे डोके शिणवले आहे, आणि तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनची सुरक्षितता काही अंशी त्याच्यावर अवलंबून आहे, असे म्हटले तर वाचकांना ती मास्तरकीची अतिशयोक्ती वाटेल. ती तशी नाही, हे दाखवण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मी मराठीचा प्राध्यापक. संगणकाशी माझा संबंध प्रश्नपत्रिका तयार करण्यापुरता. या विषयाची गोडी मला लावली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. अकरावी-बारावीला ती माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसत असे. पुढे इंजिनिअर झाली आणि आता पुण्यात नोकरी करते. मागे भेटली तेव्हा मी विचारले, "काय काम करतेस तू नेमके?" ती म्हणाली, "सर, मी कर्नलवर काम करते." माझ्या डोळ्यांपुढे लगेच पल्लेदार मिशांचे एक लष्करी गृहस्थ उभे राहिले. माझा चेहरा पाहून ती हसत म्हणाली, "तो कर्नल नाही, सर. कर्नल म्हणजे गाभा. फळातला गर असतो ना, तसा संगणकाच्या आतला गाभा."

धर्मशाळेचा व्यवस्थापक

संगणकात एकाच वेळी अनेक कार्यक्रम चालू असतात. एक पत्र लिहितो, दुसरा गाणे वाजवतो, तिसरा बँकेशी बोलतो. या सर्वांना जागा नेमून देणारा, एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावू नये म्हणून पहारा ठेवणारा आणि पडदा, तबकडी, तारा या साऱ्यांवर ज्याचा एकट्याचाच ताबा असतो असा एक मुख्य कार्यक्रम असतो. तो म्हणजे कर्नल. यात्रेच्या गावातल्या मोठ्या धर्मशाळेचा व्यवस्थापकच म्हणा. बाकीचे कार्यक्रम हे यात्रेकरू. खोल्यांच्या साऱ्या किल्ल्या मात्र व्यवस्थापकाच्या कमरेला.

अशा कर्नलांपैकी आज सर्वांत अधिक ठिकाणी पसरलेल्यांपैकी एकाचे नाव लिनक्स. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ साली तो लिहायला घेतला आणि सर्वांसाठी खुला केला. पुढे देशोदेशींच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. ज्या फोनवर 'अँड्रॉइड' हे नाव असते, त्या प्रत्येक फोनच्या तळाशी हाच लिनक्स आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, त्या यादीतले सगळेच्या सगळे संगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालत आले आहेत. तेव्हा या एका व्यवस्थापकाच्या हातून केर राहिला, तर तो किती घरांत राहील याचा अंदाज करावा.

आता खोल्यांचा विचार करू. संगणकाची स्मृती म्हणजे एका अक्षराएवढा मजकूर मावेल अशा खणांची लांबलचक रांग. अशा एका खणाला बाईट म्हणतात. आठ जीबीच्या साध्या फोनात असे साडेआठशे कोटींहून अधिक खण असतात. कार्यक्रमाला काही काळापुरता मजकूर ठेवायचा झाला, की कर्नल त्याला ओळीने काही खण काढून देतो. अशा तात्पुरत्या ठेवणीच्या जागेला बफर म्हणतात. काम संपले की ते खण परत येतात.

परत येतात म्हणजे नेमके काय होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कर्नल आपल्या वहीत एवढीच नोंद करतो, की 'अमुक खण मोकळे झाले.' खणांत जे लिहिलेले होते ते तसेच राहते. खण रिकामे होतात; कोरे होत नाहीत.

मग पुढच्या यात्रेकरूला मागच्याची पत्रे वाचायला मिळत नाहीत काय? नाही, कारण तेवढी काळजी कर्नल घेतो. बाहेरच्या कार्यक्रमाला नवी जागा देताना तो ती आधी शून्याने भरून, म्हणजे झाडून-पुसून देतो. पण धर्मशाळेच्या मागल्या दारी व्यवस्थापकाचे स्वतःचे स्वयंपाकघर असते. तिथली भांडी तो स्वतःच वापरतो. आणि ती दर वेळी घासायचा कंटाळा करतो. 'माझीच ताटली, माझ्याच हातात. आत्ता मी भरणारच आहे, मग आधी धुऊ कशाला?' असा त्याचा युक्तिवाद. अडचण येते ती अशी, की कधीकधी तीच ताटली अर्धीमुर्धी भरून तो पाहुण्यापुढे ठेवतो.

तीन रिकाम्या जागा

ताटली अर्धी राहते कशी, याचे एक उदाहरण माझ्या विद्यार्थिनीने मला कागदावर काढून दाखवले. ते समजायला गणित लागत नाही. आगगाडीचा डबा डोळ्यांपुढे आणला म्हणजे झाले.

चार-चार माणसांची बाके आहेत असे धरा. पहिला उतारू एकटाच आहे. त्यामागून चार माणसांचे कुटुंब येते आणि 'आम्ही एकाच बाकावर बसणार' असा हट्ट धरते. साहजिकच पहिल्या बाकावर एकटा उतारू आणि दुसऱ्या बाकावर कुटुंब, अशी व्यवस्था होते. पहिल्या बाकावरच्या तीन जागा तशाच राहतात. संगणकातही असेच घडते. एका बाईटाचे अक्षर आणि त्यामागून चार बाईटांचा आकडा ठेवायचा असेल, तर आकड्याला चाराच्या पटीतच जागा लागते. पाच बाईटांचा मजकूर आठ बाईट अडवतो आणि मध्ये तीन बाईटांची फट राहते. लिहिणाऱ्याने अक्षर लिहिले, आकडा लिहिला. त्याच्या मते काम संपले. त्या तीन खणांना त्याच्या लेखात नावच नाही. पण कर्नल ही माहिती बाहेरच्या कार्यक्रमाला देतो तेव्हा आठही बाईट उचलून देतो. आणि त्या तीन जागांवर मागच्या उताऱ्याचे जे काही विसरलेले सामान असेल, तेही सोबत जाते.

तीन बाईट म्हणजे फार तर तीन इंग्रजी अक्षरे. तेवढ्याने काय बिघडते? मीही हा प्रश्न विचारला. तिने उलट विचारले, "सर, कुणी तुमच्या दारावरून दर मिनिटाला जाऊन तीन-तीन अक्षरे टिपून नेली, तर महिनाभरात किती होतील?" संगणक तर असा फेरा मिनिटाला नव्हे, सेकंदाला हजारो वेळा मारू शकतो. कधी हाती केर येईल. कधी कुणाच्या संकेतशब्दाचा तुकडा येईल. आणि पुष्कळदा येतो तो कर्नलच्या स्वतःच्या घराचा पत्ता. २०१४ पासून लिनक्समध्ये अशी सोय आहे, की यंत्र सुरू होताना दर वेळी कर्नल स्मृतीत निराळ्या ठिकाणी मुक्काम करतो. हेतू हा, की चोराला तिजोरी कुठे आहे ते ठाऊक नसावे. फटीतून निसटलेला एक पत्ता ही सारी लपाछपी फुकट घालवतो.

याच दोषाचा दुसरा प्रकार अधिक विचित्र आहे. तिथे काही बाहेर जात नाही. कर्नल स्वतःच न लिहिलेला खण वाचतो आणि त्यावरून निर्णय घेतो. 'दार उघडायचे की नाही' हे ज्या चिठ्ठीवरून ठरवायचे, ती चिठ्ठी कुणी लिहिलेलीच नाही. खणात पडलेली जुनीच चिठ्ठी वाचली जाते. असा कार्यक्रम नव्व्याण्णव दिवस नीट चालतो आणि शंभराव्या दिवशी कोसळतो. आजारी माणसाला डॉक्टरांपुढे नेले की ताप उतरलेला असावा, तसे या दोषाचे असते.

पाकिटातली भर

हे सारे कागदावरचे तर्क नाहीत. प्रत्यक्ष काय घडले याचे सर्वांत बोलके उदाहरण २००३ सालचे आहे.

कचेऱ्यांतले संगणक एकमेकांना ज्या तारांनी जोडलेले असतात, त्या पद्धतीला इथरनेट म्हणतात. या तारेवरून जाणाऱ्या मजकुराची लहान-लहान पाकिटे केलेली असतात, आणि पाकीट फार लहान असून चालत नाही असा नियम आहे. आत कमीत कमी ४६ बाईटांचा मजकूर हवा. पण पुष्कळदा निरोप त्याहून लहान असतो. 'हा पत्ता कुणाचा?' असे एक यंत्र साऱ्यांना विचारते, तो निरोप अवघा २८ बाईटांचा. उरलेले १८ बाईट कशाने भरायचे? नियम करणाऱ्यांनी याचाही विचार केला होता. एप्रिल १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रिकेत ही भर शून्यांची असावी असे सरळ लिहिलेले आहे.

लिहिलेले होते, पाळले मात्र सर्वांनी नाही. इथरनेटचे कार्ड चालवण्यासाठी कर्नलमध्ये जो छोटा कार्यक्रम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कित्येक ड्रायव्हरांच्या लेखकांनी २८ बाईटांचा मजकूर बफरमध्ये ठेवला आणि कार्डाला सांगितले, 'येथून ४६ बाईट पाठव.' कार्ड बिचारे हुकमाचे ताबेदार. त्याने मजकूर पाठवला आणि त्यापुढे बफरमध्ये जे काही पडले होते, तेही पाठवले. कधी ते आदल्या पाकिटातले असे, तर कधी कर्नलच्या स्मृतीतले.

जानेवारी २००३ मध्ये ऑफिर आर्किन आणि जॉश अँडरसन या दोघा संशोधकांनी हे उघडकीस आणले. त्यासाठी कुलूप तोडावे लागत नव्हते. 'आहेस का?' असा अगदी लहानसा निरोप पाठवायचा. पलीकडचे यंत्र सभ्यपणे 'आहे' म्हणून उत्तर पाठवणार. आणि त्या उत्तराच्या शेपटीला दुसऱ्याच कुणाच्या मजकुराचा तुकडा चिकटून येणार. निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या कर्नलांच्या ड्रायव्हरांत हा एकच दोष होता. त्याला 'इथरलीक' असे नाव पडले. संगणकातील दोषांची जी जागतिक नोंदवही आहे, तिच्यात २००३ सालच्या पानावर पहिला क्रमांक याच दोषाचा आहे.

लिनक्समध्ये यावर जो उपाय झाला, तो मला फार आवडला. पाकीट लहान असेल तर ते हव्या त्या लांबीपर्यंत शून्याने भरून देणारी एक सामायिक कृती लिहिली गेली, आणि मग एकेका ड्रायव्हरमध्ये ती बोलावणारी ओळ घालण्यात आली. प्रत्येकाने आपापल्या परीने केर काढण्याऐवजी घरात सर्वांसाठी एक केरसुणी ठेवली, असे म्हणायला हरकत नाही. तरीही सवय लवकर जात नाही. २०२१ मध्ये एका नामवंत कंपनीच्या सुरक्षा-उपकरणांत अगदी हाच दोष याच नावाने पुन्हा नोंदवला गेला. म्हणजे ज्या यंत्रांनी पहारा करायचा, त्यांच्याच झोळीला भोक!

एका अक्षराचे ठिगळ

दोष दुरुस्त करणाऱ्या बदलाला या लोकांच्या भाषेत 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. माझ्या विद्यार्थिनीने केलेले असेच एक ठिगळ तिने मला दाखवले. कर्नलमध्ये जागा मागण्याचे दोन नेहमीचे मार्ग आहेत. एकाचे नाव के-मॅलॉक. तो रिकामी जागा देतो. दुसऱ्याचे नाव के-झॅलॉक. तो कोरी जागा देतो. इंग्रजीत लिहिताना दोन्ही नावांत केवळ एका अक्षराचा फरक आहे: एकात 'एम', दुसऱ्यात 'झेड'. तिच्या ठिगळात तेवढे एकच अक्षर बदललेले होते. काना-मात्रा-वेलांटीच्या चुका शोधण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्या माझ्यासारख्याला हे पाहून केवढा आनंद झाला असेल!

पण त्या एका अक्षराखाली तिने तीन परिच्छेद लिहिले होते. दोष कोणत्या बदलातून शिरला, फट नेमकी कुठे आहे, तिच्यातून बाहेर काय जाऊ शकते, आणि सबंध जागा पुसण्याऐवजी एकेक खण का भरला नाही, हे सारे त्यात होते. मी म्हटले, "एका अक्षरासाठी एवढे?" ती म्हणाली, "सर, अक्षर बदलायला एक मिनिट लागला. ते का बदलायचे हे कळायला चार दिवस लागले. पुढे कुणाला ते पुन्हा 'एम' करावेसे वाटले, तर त्याने हे चार दिवस वाचावेत."

तिच्या या उत्तराचे महत्त्व कळायला एक जुनी हकीकत सांगायला हवी. ती कर्नलची नाही, पण याच कुळातली आहे. ओपन-एसएसएल नावाचा एक प्रसिद्ध कार्यक्रम गुप्त किल्ल्या तयार करतो. किल्ली कुणाला ओळखता येऊ नये म्हणून तो आधी निरनिराळ्या ठिकाणांहून अनपेक्षित मजकूर गोळा करून एका मडक्यात घुसळतो. २००६ साली डेबियन या लिनक्स-संचाच्या सांभाळकर्त्यांना दोष तपासणाऱ्या एका साधनाने इशारा दिला, की येथे न लिहिलेले खण वाचले जात आहेत. इशारा खरा होता. पण तो बंद करण्यासाठी दोन ठिकाणच्या दोन सारख्या दिसणाऱ्या ओळी काढून टाकण्यात आल्या. त्यांतली एक काढली तरी चालण्यासारखे होते. दुसरी मात्र मडक्यात सारा मजकूर ओतणारीच ओळ होती! त्यानंतर मडक्यात उरला तो चालू कामाचा क्रमांक, आणि तो फार तर ३२ हजार ७६८ प्रकारचा असू शकतो. जगाच्या अंतापर्यंत ओळखू येणार नाहीत अशा मानलेल्या किल्ल्या दुपारभरात मोजून काढण्याजोग्या झाल्या. मे २००८ मध्ये लुचियानो बेल्लो याच्या हे ध्यानात येईपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. आणि असंख्य यंत्रांवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. पुसायचे काय आणि राखायचे काय, हे ओळखल्यावाचून फडके हाती घेऊ नये.

सावलीची वही

असे दोष शोधायचे तरी कसे? डोळ्यांनी वाचून थोडे सापडतात. लिनक्स-कर्नलच्या आज कोट्यवधी ओळी आहेत; त्या वाचायला एक जन्म पुरणार नाही. म्हणून या लोकांनी एक युक्ती काढली. स्मृतीतल्या प्रत्येक बिटासाठी, म्हणजे बाईटाच्याही आठव्या भागासाठी, एक सावलीचा बिट ठेवायचा. खऱ्या खणात काही लिहिले गेले की सावलीत 'लिहिले' अशी खूण करायची. कुणी वाचायला आला, की आधी सावली पाहायची. खूण नसेल तर जागीच ओरड करायची. शिवाय हा न लिहिलेला मजकूर मुळात कुठून आला, हेही टिपून ठेवायचे. या साधनाचे नाव केएमसॅन. गूगलमधील अलेक्झांडर पोटापेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या ६.१ या आवृत्तीत ते दाखल झाले. ते लावले की यंत्र गोगलगायीसारखे चालते आणि स्मृती कितीतरी अधिक लागते; म्हणून ते फक्त तपासणीच्या यंत्रांवर वापरतात. तिथे दुसरा एक कार्यक्रम रात्रंदिवस कर्नलला वेडेवाकडे प्रश्न विचारत बसतो, आणि केएमसॅन कान टवकारून ऐकत असते.

हा रोग एकट्या लिनक्सचा आहे असेही नाही. २०१७ आणि २०१८ या वर्षांत माटेउश युर्चिक या संशोधकाने अशाच पाळत ठेवण्याच्या युक्तीने विंडोजच्या कर्नलमधून सत्तरहून अधिक ठिकाणची गळती शोधून काढली.

पुसायचे कुणी?

आता प्रश्न आला तत्त्वाचा. एकेक फट शोधून एकेक ठिगळ लावत बसायचे, की मुळातच प्रत्येक जागा पुसून द्यायची असा नियम करायचा?

वाचकांना वाटेल, यात वाद तो काय! पण वाद झाला, आणि दोन्ही बाजूंना अर्थ होता. कर्नल ज्या सी भाषेत मुख्यतः लिहिलेला आहे, ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी घडवली. तेव्हाच्या यंत्रांची स्मृती आजच्या एखाद्या छायाचित्रालाही पुरणार नाही एवढी होती. जे क्षणात भरायचे ते आधी पुसणे, ही चैन त्यांना परवडणारी नव्हती. ती काटकसर भाषेच्या हाडीमांसी खिळली.

पुसण्याच्या विरोधकांचा दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. सगळीकडे शून्य भरून दिले, की लिहिणारे आळशी होतील. जिथे विचार करून किंमत लिहायला हवी, तिथे 'शून्य तर असतेच' म्हणून सोडून देतील. आणि शून्य ही नेहमीच निरुपद्रवी किंमत नसते. युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रांवर वापरणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक असतो, आणि शून्य क्रमांक असतो तो सर्वाधिकारी मालकाचा! कुणाचा क्रमांक लिहायचा राहिला आणि तिथे शून्य पडले, तर भिकाऱ्याच्या डोक्यावर राजमुकुट यायचा. म्हणून काहींनी सुचवले, की शून्याऐवजी एखादा ठळक वेडगळ आकडा भरावा, म्हणजे चूक लपणार नाही.

या वादातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. सी भाषेतला लेख यंत्राच्या भाषेत उतरवणारा क्लँग नावाचा कार्यक्रम आहे. त्यात न लिहिलेले खण शून्याने भरण्याची सोय करण्यात आली, पण ती करणाऱ्यांनाच ती नकोशी होती. म्हणून ती चालू करण्यासाठी जो परवलीचा शब्द टंकावा लागे, त्याचा अर्थ साधारण असा होता: 'ही सोय क्लँगमधून काढून टाकली जाणार आहे हे ठाऊक असूनही, शून्याने भरणे चालू करा.' हॉटेलात पाणी मागताना 'पुढे मिळणार नाही हे जाणून मी पाणी मागतो' असे म्हणावे लागले, तर कसे वाटेल? तरीही लोक तो लांबलचक शब्द टंकत राहिले. २०२० पासून लिनक्सलाही तो टंकूनच शून्यभरणी पदरात पाडून घ्यावी लागत होती. अखेर २०२३ मध्ये क्लँगच्या सोळाव्या आवृत्तीत ती अट गेली, सोय राहिली. दरम्यान जीसीसी या दुसऱ्या प्रसिद्ध कार्यक्रमानेही २०२२ मध्ये तशीच सोय केली होती.

जागा देतानाच ती पुसून देण्याची कळ लिनक्समध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये, ५.३ या आवृत्तीत आली. हिचाही कर्ता पोटापेन्कोच. तिची किंमत किती? बहुतेक कामांत वेग शंभरात एकानेही कमी होत नाही. मुद्दाम रचलेल्या काही चाचण्यांत तो सातापर्यंत घटलेला आढळला. देताना पुसण्याऐवजी परत घेताना पुसण्याचीही कळ आहे. ती अधिक महाग, शंभरास तीन ते पाच. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून फोनमध्येही असे पुसून देणे सुरू झाले. रस्टसारख्या नव्या भाषेत तर न लिहिलेला खण वाचण्याची वाटच सहसा बंद असते, आणि २०२२ च्या त्याच ६.१ आवृत्तीपासून लिनक्सने तिलाही दार उघडले आहे. पण सी भाषेतल्या जुन्या कोट्यवधी ओळी काही एका रात्रीत बदलत नाहीत. शिवाय जुन्या यंत्रांवर ही कळ दाबलेली असेलच असे नाही. त्यामुळे एका अक्षराची ठिगळे अजून लागतात, आणि लागत राहतील.

भाषेचा माणूस म्हणून मला यात एक योगायोग गमतीचा वाटतो. आपला 'शून्य' हा शब्द अरबांकडे गेला तेव्हा त्यांनी त्याचे 'सिफ्र' असे भाषांतर केले. त्याच सिफ्रवरून युरोपात एकीकडे 'झीरो' आला आणि दुसरीकडे 'सायफर'. या सायफरचा अर्थ पुढे गुप्तलिपी असा झाला. शून्य आणि गुपित यांचे नाते असे शब्दांतच जुने आहे. कर्नलवाल्यांनी ते प्रत्यक्षात आणले एवढेच.

घरच्यांनी काय करायचे?

हे सारे वाचून एखादी वाचक-भगिनी विचारील, 'ते ठीक आहे. पण आम्ही यात काय करायचे?' फार काही नाही, पण एक गोष्ट अवश्य करायची.

आपला फोन अधूनमधून रात्रीच्या वेळी विचारतो, 'नवी सुधारणा आली आहे, बसवू का?' आपल्याला ते अवघड वाटते. फोन काही मिनिटे बंद राहणार, आणि सकाळी उघडून पाहावे तर सारे जसेच्या तसे. नवे चित्र नाही, नवी सोय नाही. 'उगाच काहीतरी' म्हणून आपण 'नंतर' या शब्दावर बोट ठेवतो, आणि तो 'नंतर' सहा महिने येत नाही. त्या न दिसणाऱ्या सुधारणेत पुष्कळदा हेच असते: कुठल्या तरी ड्रायव्हरमधली तीन बाईटांची फट, कुणीतरी चार दिवस शोधून एका अक्षराने बुजवलेली. ती बुजवणारा हेलसिंकीचा असेल, पुण्याचा असेल. त्याचे नाव आपल्याला कळणार नाही. ठिगळ मात्र आपल्या फोनपर्यंत येऊन दाराशी थांबलेले असते.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत फराळाचे डबे घासून-पुसून झाले, माळ्यावरची जळमटे निघाली, की रात्री निजण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक फोनवर तेवढे एक बोट ठेवा. आजोबांचा जुना फोन विसरू नका. बँकेचे निरोप बहुधा त्याच्यावरच येत असतात.